काकांची गिटार, 'अपाचे' आणि जिन्यातला इको

हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय, कारण गेल्या चार महिन्यांत तीन जणांना फोनवर हेच सांगून झालंय आणि दर वेळी काहीतरी महत्त्वाचं राहतंच. शिवाय यात माझ्या स्वतःच्या दोन-तीन चुका आहेत, त्या दुसऱ्या कोणी करू नयेत. एक गिटार, एक म्हातारा माणूस आणि एक ट्यून, एवढाच मामला.

काका ७७ वर्षांचे. मूळ गिरगावातले, आता डोंबिवलीला. दिवाळीत गेलो होतो, काकू आत चकल्या तळत होती आणि मी सोफ्यावर बसून फोनवर शॅडोज या इंग्लिश बँडचं 'अपाचे' लावलं होतं, उगाच, मला ती साठच्या दशकातली नुसती गिटारवाली गाणी अलीकडे फार आवडायला लागली आहेत म्हणून. काका समोर पेपर वाचत होते. दोन मिनिटांनी माझं लक्ष गेलं तर पेपर मांडीवर आणि डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर चालतायत. नुसता ठेका नाही, बोटं पडदे दाबल्यासारखी सरकत होती, आणि बरोबर जिथं सूर वर जातो तिथंच वर जात होती. मी बघतच राहिलो.

ट्यून संपल्यावर म्हणाले, "परत लाव." परत लावली. मग म्हणाले, "माळ्यावर माझी गिटार आहे. काढतोस का?"

मला पन्नास वर्षांच्या आयुष्यात माहीत नव्हतं की या माणसाकडे गिटार आहे. आतून काकू म्हणाली, "ते धूड मी दोनदा भंगारवाल्याला द्यायला निघाले होते, दोन्ही वेळा हे जेवले नाहीत."

तर ते धूड. गोधडीत गुंडाळलेलं, वरून नायलॉनची दोरी. आतून निघाली एक सॉलिड बॉडीची इलेक्ट्रिक गिटार, मधे पिवळी आणि कडेला काळपट होत गेलेली, ज्याला सनबर्स्ट म्हणतात तसली. दोन पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडून त्याची वीज करणारे भाग, त्यांच्या तोंडावर सोनेरी चकचकीत पत्र्याची जाळी. वर चालू-बंद करायला घरातल्या लाइटच्या बटणासारखी दोन खटकी, आणि ब्रिजला, म्हणजे तारा खाली जिथं टेकतात तिथं, एक वाकडा दांडा. डोक्यावर नाव नाही, फक्त दोन खिळ्यांची भोकं, म्हणजे तिथली नावाची पट्टी कधीतरी पडली. मागच्या प्लेटवर 'मेड इन जपान'.

त्या काळात जपानमध्ये टाइस्को, ग्वायाटोन वगैरे कंपन्या असल्या गिटारी ढिगानं बनवायच्या आणि एकाच कारखान्यातला माल परदेशात पाच वेगवेगळ्या नावांनी विकला जायचा, त्यामुळे नावाची पट्टी नसेल तर नक्की कोणाची हे सांगणं अवघड. सोनेरी जाळीचे पिकअप टाइस्कोमुळे प्रसिद्ध झाले, आज लोक नुसते ते पिकअप काढून भारी गिटारींना लावतात. पण काकांच्या गिटारवर मी कोणाचंही नाव चिकटवणार नाही. काका तिला 'जपानी' म्हणतात, मीही तेच म्हणतो.

आता ही गिरगावात आली कशी. काकांचा शाळेतला एक मित्र गिरगावाजवळच्या कावेलमधला, ख्रिश्चन, त्याचा मामा बोटीवर. धोबीतलावला जेर महाल आहे ना, तिथं गोव्याच्या लोकांचे कूड होते, अजूनही आहेत, म्हणजे गोव्यातल्या एकेका गावच्या लोकांनी मुंबईत चालवलेली राहायची जागा, बोटीवरचे तारवटी दोन बोटींच्या मधे तिथं उतरायचे. तर हा मामा जपानहून गिटार घेऊन आला, स्वतःला वाजवता येईना, आणि काकांनी १९६७ मध्ये साडेतीनशे रुपयांना ती घेतली. तेव्हाचे जवळपास दोन पगार. कस्टममधून कशी सुटली ते विचारायचं नाही असं काका म्हणाले, म्हणून मी विचारलं नाही.

'अपाचे' त्याआधीच कानात बसलं होतं. त्याच मित्राच्या घरी ४५ची छोटी तबकडी होती आणि ती झिजून पांढरी होईपर्यंत लावलेली. घरी मात्र गिटार म्हणजे मांडीवर आडवी ठेवून लोखंडी दांडी फिरवून वाजवायची ती हवाईयन, सिनेमाची गाणी त्यावर वाजवलेल्या रेकॉर्डी तेव्हा घराघरात असायच्या, व्हॅन शिपली वगैरे. आजोबांनी काकांना उभी गिटार धरलेलं पाहून विचारलं होतं म्हणे, "ती आडवी करून वाजवतात ना रे? तुला उलटी दिली का त्यानं?"

'अपाचे'ची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढं तिचा उपयोग आहे. ट्यून जेरी लॉर्डन नावाच्या इंग्रज माणसाची. आधी गिटारवाल्या बर्ट वीडननं रेकॉर्ड केली होती, पण लॉर्डनला ती पटली नव्हती. १९६० साली एका दौऱ्यात त्यानं ती युकुलेलीवर शॅडोजना वाजवून दाखवली. त्यांनी ती जूनमध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत रेकॉर्ड केली, जुलैत बाजारात आली आणि ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या यादीत एक नंबरला जाऊन पाच आठवडे तिथंच बसली. गंमत म्हणजे तिनं एक नंबरवरून खाली ढकललं ते गायक क्लिफ रिचर्डचं गाणं, आणि शॅडोज हा क्लिफ रिचर्डचाच साथीचा बँड. बरं, सुरुवातीला जो ढब-ढब असा ढोल वाजतो तो चिनी ढोल वाजवलाय खुद्द क्लिफनं. हा क्लिफ जन्मला लखनौला, १९४० मध्ये, आठ वर्षांचा होईपर्यंत इथंच होता. काकांना हे माहीत होतं. म्हणाले, "आमच्यात तो लखनौवाला म्हणूनच फेमस होता."

आणि ती गिटार. शॅडोजचा मुख्य गिटारवाला हँक मार्विन, त्याची लाल स्ट्रॅटोकास्टर, थोडक्यात स्ट्रॅट, अमेरिकेच्या फेंडर कंपनीची. इंग्लंडमध्ये १९५९ पर्यंत अमेरिकन वाद्यं आणायला बंदी होती, आपल्याकडच्या लायसन्स राजसारखंच, त्यामुळे तिथल्या पोरांनी फेंडर फक्त रेकॉर्डच्या कव्हरवर बघितलेली. हँककडे आधी होती अँटोरिया, आणि ती बनवलेली जपानच्या ग्वायाटोननं! हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. बंदी उठल्यावर क्लिफनं फेंडरचा कॅटलॉग मागवला. यांना आवडायचा अमेरिकन गिटारवाला जेम्स बर्टन, तो फेंडर वाजवतो एवढंच कळलेलं, मग तो एवढा भारी वाजवतो म्हणजे त्याच्याकडे सगळ्यात महागडी असणार असा हिशोब करून सगळ्यात महागडी मागवली. आली स्ट्रॅट, सोनेरी हार्डवेअरची. बर्टन प्रत्यक्षात फेंडरचीच दुसरी, टेलिकास्टर वाजवायचा. म्हणजे त्या सगळ्या आवाजाच्या मुळाशी एक चुकीचा अंदाज आहे. मला हे फार आवडतं.

असो. मूळ मुद्दा असा की काकांना मरायच्या आधी एकदा 'अपाचे' त्या आवाजात वाजवायचं होतं. शब्द त्यांचेच, मी घातलेले नाहीत. आणि मी मोठ्या तोंडानं म्हणालो, हात्तिच्या, माझ्याकडे स्ट्रॅटच आहे, पुढच्या रविवारी आणतो.

पहिली चूक ती. रविवारी माझी गिटार आणि छोटा अ‍ॅम्प घेऊन गेलो. माझी स्ट्रॅट दहा वर्षं जुनी, चांगली आहे. काकांनी मांडीवर घेतली, पहिले चार सूर वाजवले, थांबले, परत वाजवले. मग गिटार बाजूला ठेवून म्हणाले, "हे पातळ आहे रे. ताकासारखं."

मी अ‍ॅम्पवर बेस वाढवला, ते आणखी वाईट, आता घट्ट ताक. मग डिलेचं, म्हणजे इको देणारं, पेडल लावलं, एकच इको, बऱ्यापैकी लांब. काका हसायला लागले. "हे गणपतीच्या मंडपातलं झालं. हॅलो हॅलो माइक टेस्टिंग." आणि खरंच तसंच वाजत होतं!

आता इथं शहाण्या माणसानं थांबून विचार केला असता. मी काय केलं, तर घरी येऊन रात्री दोन वाजेपर्यंत जुन्या स्ट्रॅटच्या किमती बघत बसलो. माझ्या डोक्यात पक्कं बसलं की आवाज त्या काळच्या लाकडात आहे, त्या पिकअपमध्ये आहे, आणि साठच्या दशकातली खरी गिटार मिळाल्याशिवाय हे होणार नाही. हा रोग आहे, ज्याला झालाय त्यालाच कळेल. फेंडर कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली गेली, आणि त्याआधीचा माल म्हणजे सोनं, नंतरचा म्हणजे पितळ, अशी एक समजूत आहे. काही अंशी खरीसुद्धा आहे, पण किमती अशा की त्यात डोंबिवलीत वन बीएचकेचं डाउन पेमेंट होईल.

तरी एक मिळाली. म्हणजे मिळता मिळता राहिली. ओळखीतून एका विक्रेत्याचा नंबर आला, नाव लिहीत नाही, '१९६४ची स्ट्रॅट' म्हणून फोटो आले, किंमत बाजारापेक्षा बरीच कमी. मागच्या प्लेटवर एलपासून सुरू होणारा नंबर, जो त्या वर्षांचाच असतो. माझे हात थरथरायला लागले होते. पण मी इलेक्ट्रॉनिक्सवाला माणूस आहे, आतले फोटो मागितले, आणि तिथं मजा आली.

व्हॉल्यूमचं बटण ज्याला लावलेलं असतं त्या पॉटच्या पाठीवर एक आकडा छापलेला असतो. यात होता १३७७९२३. पहिले तीन, १३७, म्हणजे सीटीएस ही पॉट बनवणारी कंपनी. पुढचे दोन म्हणजे वर्ष, त्यापुढचे दोन आठवडा. म्हणजे १९७९चा तेविसावा आठवडा. चौसष्टच्या गिटारमध्ये एकोणऐंशीचा पॉट. विक्रेता म्हणाला पॉट बदललेत, बाकी सगळं ओरिजिनल. ठीक आहे, असं होतं, पन्नास वर्षांत पॉट बदलतात. पण मग पिकअप निवडायचा स्विच पाच घरांचा का? फेंडरनं पाच घरांचा स्विच १९७७ पासून द्यायला सुरुवात केली, त्याआधी तीनच घरं असायची. तोही बदलला म्हणाला. मग मी म्हटलं मान उघडून तिच्या बुडाचा फोटो पाठवा, कारण तिथं तारखेचा शिक्का असतो आणि तो खोटा करणं जरा कठीण. तो फोटो अजून यायचाय. नंबरवाल्या प्लेटचं काय आहे, ती चार स्क्रूवर बसते, कोणीही दहा मिनिटांत बदलू शकतं. गिटारचं वय प्लेटवर बघू नका, मानेच्या बुडावर आणि पॉटच्या पाठीवर बघा.

त्यानंतर डोकं ताळ्यावर आलं आणि मी माळ्यावरून काढलेली जपानी पुण्याला घेऊन आलो.

तारा गंजून लाल झालेल्या, हात लावताच दोन तुटल्या. लाकडाला बुरशीचा वास, मुंबईचे पन्नास पावसाळे अंगात मुरलेले. मान पुढं वाकलेली, बाराव्या पडद्यावर तार एवढी उंच की खालून पेन्सिल जाईल. आतला लोखंडी रॉड, ज्यानं मान सरळ करतात, तो आहे पण जाम, आणि जबरदस्ती केली तर तुटायचा म्हणून मी तो सोडून दिला. तारा काढून मान पंधरा दिवस सपाट फळीला क्लँप करून ठेवली, थोडी आली सरळ. उरलेलं काम मानेच्या खाचेत एक पातळ पाचर घालून केलं, म्हणजे मानेचा कोन किंचित मागं जातो आणि तारा खाली येतात. पाचर कशाची, तर घरात पडलेल्या लग्नपत्रिकेची, तो जाड सोनेरी कागद त्याला एकदम बेस्ट. कोणाची पत्रिका ते लिहीत नाही, त्यांना वाईट वाटेल.

मग वीज. मल्टिमीटर लावला. ब्रिजजवळचा पिकअप सहा किलोओहमच्या आसपास दाखवत होता, म्हणजे जिवंत. मानेजवळचा काहीच दाखवेना, म्हणजे कॉइल कुठंतरी तुटलेली. हा पिकअप म्हणजे काय असतं, तर एक चुंबक आणि त्याभोवती हजारो वेढे घातलेली तांब्याची तार, ती तार साधारण ०.०६ मिलिमीटरची, डोक्याच्या केसापेक्षा बारीक. ती जिथं बाहेरच्या वायरला जोडलेली असते तिथं हिरवट गंज धरतो आणि तिथंच तुटते, आणि तसं असेल तर नशीब, बाहेरचं टोक सापडलं की पुन्हा जोडता येतं. मी काकांचं पेपर वाचायचं भिंग मागून आणलं होतं. दोन संध्याकाळी गेल्या, टोक सापडलं, जोडलं, मीटरनं आकडा दाखवला, मी ओरडलो, बायको धावत आली. तिसऱ्या दिवशी परत मेला. आत खोलवर कुठंतरी अजून एक तुटलंय, ते उलगडायची माझी हिंमत नाही. 'अपाचे'साठी ब्रिजजवळचाच पिकअप लागतो, हँकसुद्धा मुख्यतः तोच वापरायचा, तेव्हा सध्या एकावर भागवलं.

पॉट खरखरत होते, त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पन्नास वेळा फिरवले. ब्रिजला अर्थिंगची वायरच नव्हती, म्हणून तारांना हात लावला नाही की गुंऽऽ आवाज यायचा, ती घातली. वाकड्या दांड्याची स्प्रिंग दमलीय पण चालते. तार दांड्यानं खाली जाऊन परत जागेवर येत नव्हती, तर नटच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाचांमध्ये पेन्सिलीचं शिसं घासलं, तेवढ्यानं सत्तर टक्के काम झालं.

अर्थिंगवरून आठवलं. काकांकडे तेव्हा अ‍ॅम्प कुठला, चाळीत? घरच्या व्हॉल्व्हच्या रेडिओच्या मागं ग्रामोफोन जोडायची दोन भोकं असायची, त्यात गिटारची वायर खुपसायची आणि रेडिओच अ‍ॅम्प. आयडिया उत्तम होती. पण काही रेडिओंमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसायचा, एसी-डीसी दोन्हीवर चालणारे सेट, त्यांच्या आतला पत्रा थेट मेनच्या एका वायरला जोडलेला, म्हणजे दोन पिनांचा प्लग उलटा बसला की गिटारच्या तारांमध्ये करंट. काकांना एकदा असा बसला की ते पलंगावरून खाली आले आणि आजीनं आठ दिवस गिटार कपाटात कोंडली. कोणी हौशीनं जुना रेडिओ शोधून हे करायला जाऊ नका प्लीज.

आता तारा, आणि माझ्या मते अर्ध रहस्य इथंच आहे. आज दुकानातून आणलेल्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारींवर ९चा नाहीतर १०चा सेट असतो, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच. ओढायला सोप्या, रॉकवाल्यांना तेच हवं. पण १९६० मध्ये असल्या तारा सहज मिळायच्याच नाहीत, तेव्हाचे सेट जाड, आणि तिसरी तारसुद्धा वरून दुसरी तार गुंडाळलेली. जाड तारेचा सूर भरीव येतो, आणि ती फारशी ओढता येत नाही, म्हणून तेव्हाचे वादक सूर ओढण्याऐवजी त्या वाकड्या दांड्यानं हलवायचे. हँक तो दांडा उजव्या हातातच धरून वाजवतो, सूर लागला की किंचित झुलवतो. काकांचं 'पातळ' म्हणजे हेच होतं. माझी ९ची तार होती ती!

मी लगेच जपानीला १२चा सेट चढवला. आवाज आहाहा. दोन दिवसांनी मान परत वाकलेली. जुन्या मानेला तो ताण झेपेना. उतरवले, ११चा सेट, तिसरी गुंडाळलेली, असा मधला मार्ग काढला. आवाज थोडा कमी भरीव झाला, पण गिटार जगली पाहिजे ना.

राहिला इको. हँककडे इटलीच्या मेआत्सी कंपनीचं इकोमॅटिक नावाचं इकोचं यंत्र होतं, जो ब्राउन नावाच्या गिटारवाल्याकडून आलेलं. त्यात टेपवर आवाज रेकॉर्ड होतो आणि पुढं एका ओळीत बसवलेली तीन-चार हेड तो एकामागून एक वाजवतात. म्हणजे एक इको नाही, तीन-चार इको, वेगवेगळ्या अंतरानं, आणि सगळे मिळून घोडा दुडक्या चालीनं जातोय असं वाटतं. शिवाय टेपवरून आलेला आवाज मूळ आवाजापेक्षा जरा बोथट असतो आणि मोटर किंचित डुलते. माझं एकच लांब स्वच्छ इको देणारं पेडल म्हणून मंडपासारखं वाजत होतं. मल्टिटॅपवालं, म्हणजे एकाच वेळी अनेक इको देणारं, पेडल एका मित्राकडून आणलं, तीन टॅप लावले, तिन्ही छोटे आणि एकमेकांशी विषम, वरचा चिरका भाग कापला, इको मूळ आवाजाच्या बराच खाली ठेवला. अ‍ॅम्पवर ट्रेबल चढवला, डिस्टॉर्शन शून्य. शॅडोजकडे वॉक्स कंपनीचे एसी१५ आणि नंतर एसी३० हे अ‍ॅम्प होते, ते माझ्याकडे नाहीत आणि डोंबिवलीच्या हॉलमध्ये एसी३० लावला तर सोसायटी मीटिंग होईल.

फेब्रुवारीत एका शनिवारी सगळं घेऊन गेलो. काकांनी आधी गिटार पाच मिनिटं नुसती मांडीवर धरली. नखं कापून बसले होते. मग वाजवलं. बोटं अडकतात, मधली दोन नीट वळत नाहीत, खालच्या तारांवर तळवा दाबून ते टक-टक करत जायचं असतं तिथं दोनदा घसरले. पण पहिला लांब सूर लागला, दांडा हलला, मागून ते घोडे धावले, आणि काकू भाजी टाकून बाहेर आली. माझी मुलगी पण होती, तिनं कानातलं काढून विचारलं, "हे हिपहॉपमधलं आहे ना?" बरोबर आहे तिचं, १९७३ मध्ये इन्क्रेडिबल बाँगो बँडनं केलेलं 'अपाचे' पुढं हिपहॉपवाल्यांनी इतकं वापरलं की तिच्या पिढीला ते तिथूनच माहीत. काका म्हणाले, "ते काय असतं?" ती बिचारी समजावत बसली.

मला वाटलं केस क्लोज. तर काका म्हणाले, "छान आहे. पण हे नाही."

मी म्हटलं काका, आता आणखी काय, रेकॉर्डच्या शेजारी लावून बघा, नव्वद टक्के तेच आहे.

म्हणाले, "रेकॉर्डसारखं आहे. माझ्यासारखं नाही."

आणि मग एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा खरी गोष्ट बाहेर आली. काकांकडे तेव्हा इकोचं यंत्र कुठून असणार? त्यांनी आणि त्या कावेलच्या मित्रानं लांब वायर काढून रेडिओ चाळीच्या जिन्यात ठेवला होता. लाकडी जिना, चार मजले, वर पत्रा. आवाज वर जाऊन आपटून खाली यायचा. चाळीच्या गणपतीत एका वर्षी त्यांनी तसंच 'अपाचे' वाजवलं, साथीला ढोलकी, आणि पहिल्या मजल्यावरचे एक आजोबा आरतीच्या ताटासकट बाहेर येऊन ओरडले होते की हे टँव टँव आधी बंद करा. काकांच्या कानात पंचावन्न वर्षं जे 'अपाचे' आहे ते अ‍ॅबी रोडचं नाहीच, ते त्या जिन्यातलं आहे.

हा वेडेपणा वाटत असेल तर सांगतो, अमेरिकेत डुएन एडी म्हणून गिटारवाला होता, १९५८ पासून त्याच्या रेकॉर्डी गाजायला लागल्या, फिनिक्सच्या स्टुडिओत इको चेंबर नव्हतं म्हणून त्यांनी दोन हजार गॅलनची पाण्याची रिकामी टाकी आणली, एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक, आणि तोच त्याचा जगप्रसिद्ध आवाज. टाकी चालते तर जिना का नाही?

पेडल काढलं. अ‍ॅम्प उचलून बाहेर लिफ्टसमोर ठेवला, तोंड वरच्या जिन्याकडे, वायर दाराच्या फटीतून आत. सिमेंटचा जिना, सात मजले, लाकडी नाही, पण वर गच्चीचं लोखंडी दार बंद होतं. काका उंबऱ्याच्या आत खुर्चीवर, पायात स्लिपर. मी अ‍ॅम्पपाशी उभा राहिलो, चौकीदारासारखा.

पहिला सूर वर गेला आणि सातव्या मजल्यावरून सावकाश खाली आला. यावेळी काका थांबले नाहीत. सुटलेले सूर सोडून दिले, घसरले तिथं परत धरलं, मधला चढाचा भाग त्यांनी चक्क गाळला आणि थेट शेवटाला गेले. तिसऱ्या मजल्यावरचं एक दार उघडलं, कोणीतरी खाली वाकून बघितलं, "काका, तुम्ही आहात होय," एवढं म्हणून ते दार उघडंच राहिलं.

शेवटचा सूर विरल्यावर काका म्हणाले, "मधला भाग विसरलोय. पुढच्या शनिवारी ये, आणि येताना तो दुसरा पिकअप बघ जमतोय का."

पिकअप अजून टेबलावर पडलाय. मोटर लावून कॉइल नव्यानं गुंडाळणारा कोणी पुण्या-मुंबईत असेल तर शोधतोय, तार ४२ गेजची.